जकातनाक्यावरचा कप

(दृश्य : लाकडी फळीवर माती मळणारे हात. पार्श्वसंगीत नाही.)

चाकावर जाण्याआधी मातीचा हा गोळा कितीतरी वेळा दाबला, वळवला आणि पुन्हा दाबला जातो, कारण आत हवा किंवा एखादी कडक गुठळी राहिली तर भिंत उचलताना ती नेमकी तिथेच डगमगते. ज्यांचे हे हात आहेत, त्या अनेक वर्षे कप घडवून परदेशांतल्या ग्राहकांना टपालाने पाठवत आल्या आहेत. त्यांचे नाव आणि गाव या निवेदनात मुद्दामच येत नाही. पार्सल कोठूनही निघाले, तरी सीमेवर त्याला विचारले जाणारे प्रश्न तेच असतात.

(दृश्य : फिरते चाक, बोटांमध्ये उभी राहणारी भिंत.)

गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणणे हे शिकाऊ माणसाला महिनोन्‌महिने जमत नाही आणि जमल्यावर ते इतके सहज दिसते की पाहणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. आत्ता दिसणारा कप डोळ्यांना मोठा वाटतो, पण वाळताना आणि भाजताना मिळून तो साधारण दहा-बारा टक्के आक्रसणार आहे. त्या हिशेबाने त्याचे तोंड आत्ताच रुंद ठेवावे लागते. हा हिशेब कोठेही लिहिलेला नसतो, तो बोटांत असतो.

(दृश्य : कान ओढणे. अगदी जवळून.)

दुसऱ्या दिवशी माती चामड्याइतकी घट्ट झाली की कप उलटा धरून त्याची बैठक तासली जाते. मग कानाची वेळ येते. मातीची एक वळी ओल्या मुठीतून पुन्हापुन्हा खाली ओढत तिला निमुळती केली जाते आणि कपाच्या अंगावर आडव्यातिडव्या रेघा ओरखडून, त्यांवर पातळ कालवलेल्या मातीचा हात फिरवून, कान तिथे चिकटवला जातो. या सांध्यावर आताच फडके झाकले नाही, तर कान आधी वाळतो, कप मागाहून वाळतो आणि दोघांच्या ओढाताणीत सकाळपर्यंत बारीक चीर पडते. पहिली भाजणी सुमारे हजार अंश सेल्सिअसवर होते, त्यानंतर झिलई चढते आणि दुसऱ्या भाजणीत भट्टी बाराशे अंशांच्याही पुढे नेली जाते. ती विझवल्यावर निदान एक दिवस दाराला हात लावायचा नसतो, कारण घाईने आलेला गार वारा आतल्या सगळ्या मालाला तडे देऊ शकतो.

निवेदनात हा तपशील लांबतो आहे, याची जाणीव आम्हाला आहे. मात्र येथून पुढे ज्या पुस्तकाशी या कपाची गाठ पडणार आहे, त्यात यातले काहीच मोजले जात नाही, म्हणून ते एकदा पडद्यावर तरी मोजले जावे, असे वाटले.

(दृश्य : टेबलावर सीमाशुल्काचा अर्ज. पेनाचे टोक एका रकान्यावर थांबलेले.)

परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पार्सलवर आत काय आहे, किती आहे, त्याचे वजन आणि किंमत किती, ते कोणत्या देशात बनले आणि त्याचा वर्गीकरण क्रमांक काय, हे लिहावे लागते. हा क्रमांक जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सुसंगत प्रणालीतून, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या पुस्तकातून, येतो. १ जानेवारी १९८८ पासून लागू असलेली ही प्रणाली आज दोनशेहून अधिक देश व प्रदेश वापरतात आणि तिच्यातील क्रमांकाचे पहिले सहा अंक सर्वत्र सारखे असतात. या कपाचे स्थान ६९१२ या शीर्षकाखाली, म्हणजे पहिल्या चार अंकांच्या गटात, आहे. तो पोर्सिलेनचा असता तर ६९११ खाली गेला असता आणि त्यात काही ओतण्याऐवजी तो नुसता शोभेसाठी असता तर ६९१३ खाली. कशापासून बनले, कशासाठी बनले, कोठे बनले, हे प्रश्न या पुस्तकाला पडतात; हाताने बनले की यंत्राने, हा प्रश्न त्याला क्वचितच पडतो. हाताने विणलेल्या चित्रपडद्यांना (टॅपेस्ट्रींना) ५८०५ हे स्वतंत्र शीर्षक मिळाले आहे, पण हाताने घडवलेल्या कपाला कारखान्यातून तासाला शेकड्यांनी बाहेर पडणाऱ्या कपांच्याच रांगेत उभे राहावे लागते.

(दृश्य : काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच क्रमांक : ९७०३.)

याच पुस्तकाच्या शेवटच्या, ९७व्या प्रकरणात कलाकृती येतात आणि अनेक देशांत त्यांवर आयातशुल्क नाही किंवा नाममात्र आहे. मूळ शिल्पांचे शीर्षक ९७०३. मात्र प्रकरणाच्या टिपेत स्पष्ट म्हटले आहे की व्यापारी स्वरूपाची पारंपरिक कारागिरी या शीर्षकाखाली येणार नाही, मग ती वस्तू एखाद्या कलावंताने घडवलेली का असेना. ही रेघ किती निसरडी आहे, हे १९२६ मध्येच दिसले होते. कॉन्स्टँटिन ब्रांकुशी या शिल्पकाराचे ‘अवकाशातील पक्षी’ हे कांस्यशिल्प न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्याला चोच किंवा पंख न दिसल्याने अधिकाऱ्यांनी त्याची गणना स्वयंपाकघरातील भांडी आणि रुग्णालयातील साहित्य यांच्या वर्गात केली आणि ४० टक्के शुल्क आकारले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९२८ मध्ये ते शिल्प कलाकृतीच असल्याचा निर्णय लागला. भांड्यांच्या बाजूने मात्र आजवर कोणी वकील उभा केल्याचे ऐकिवात नाही. अमेरिकेने २०२५ मध्ये आणीबाणीच्या अधिकारांखाली वाढीव शुल्क लावले, तेव्हाही चित्रे आणि शिल्पे ‘माहितीपर साहित्य’ म्हणून त्यातून वगळली गेली. कप, शाली, पिशव्या आणि टोपल्या वगळल्या गेल्या नाहीत.

(दृश्य : कप कागदात गुंडाळणे.)

कान आणि अंग यांमधल्या पोकळीत आधी कागदाचा बोळा बसवायचा, मग कप गुंडाळायचा, मग खोक्यात चहूबाजूंनी तीन-तीन बोटे भराव द्यायचा आणि खोके कानाशी नेऊन हलवून पाहायचे. आतून कसलाही आवाज येता कामा नये. वर्षानुवर्षे अशी एकेक पार्सले सीमा ओलांडत राहिली, ती एका सवलतीच्या आधारावर. लहान किमतीच्या मालावर शुल्क वसूल करायचे, तर वसुलीचाच खर्च जास्त होतो, या व्यवहारी विचारातून अमेरिकेने १९३८ मध्ये एक डॉलरपर्यंतच्या मालाला सूट दिली. ती मर्यादा पुढे वाढत गेली आणि २०१६ मध्ये २०० वरून ८०० डॉलरवर आली. एका कारागिराचे एक पार्सल एका ग्राहकाला, हा व्यवहार त्या मर्यादेत आरामात बसत होता.

त्याच दारातून दुसराही माल आत येऊ लागला. गोदामांतून थेट ग्राहकाच्या नावाने निघणारी स्वस्त कपड्यांची आणि वस्तूंची पार्सले इतकी वाढली की अमेरिकेत या सवलतीखाली येणाऱ्या पार्सलांची संख्या २०१५ मधील सुमारे १३ कोटी ४० लाखांवरून २०२४ मध्ये १३६ कोटींच्या आसपास गेली. २ मे २०२५ रोजी चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी आणि २९ ऑगस्ट २०२५ रोजी सर्व देशांसाठी ही सवलत बंद झाली. गर्दी ज्यांनी केली, त्यांच्याकडे गोदामे, दलाल आणि हिशेबनीस आहेत. दार बंद झाल्यावर तिष्ठत राहिले ते एकेकटे आलेले.

(दृश्य : टपाल कार्यालयाची खिडकी, मागे रिकामे काउंटर.)

शुल्क आगाऊ कोणी घ्यायचे, कसे मोजायचे आणि कोणाकडे भरायचे, याचा उलगडा होईना, म्हणून जर्मनी, जपान, भारत, ऑस्ट्रेलिया यांसह अनेक देशांच्या टपालसेवांनी अमेरिकेला जाणारी पार्सले पूर्णतः किंवा अंशतः थांबवली. ८८ टपालसेवांनी असे पाऊल उचलल्याचे आणि एका आठवड्यात अमेरिकेकडे जाणारे टपाल ८१ टक्क्यांनी घटल्याचे जागतिक टपाल संघाने नोंदवले. सेवा पुन्हा सुरू होत असताना सहा महिन्यांसाठी एक पर्यायही ठेवला गेला. त्यात किमतीच्या प्रमाणाऐवजी, मूळ देशाच्या शुल्कदरानुसार, प्रत्येक पार्सलामागे ८०, १६० किंवा २०० डॉलर भरायचे होते. एका कपाच्या पार्सलामागे किमान ८० डॉलर, हे गणित समजायला कागद-पेन्सिल लागत नाही. युरोपीय संघानेही १५० युरोंखालील पार्सलांची शुल्कमाफी काढून, १ जुलै २०२६ पासून मालाच्या प्रत्येक प्रकारामागे ३ युरो घेण्याचे ठरवले. हा आकडा लहान आहे, पण त्यासोबत येणारी कागदपत्रे लहान नाहीत.

शुल्क आधी भरलेले नसेल आणि दारात आलेल्या माणसाने ते मागितले, तर बरेच ग्राहक पार्सल घेतच नाहीत. कपांच्या मागण्या घटल्या, मदतीला येणाऱ्या दोघींना या कारागिरांनी येऊ नका म्हणून सांगितले आणि चाक आता आठवड्यातून तीन दिवस फिरते.

(दृश्य : दारात आलेले खोके. तेच हात चिकटपट्टी कापतात.)

हे पार्सल सात आठवड्यांनी परत आले आहे. चिकटपट्टीखाली पत्ता त्यांच्याच अक्षरात आहे आणि त्यावर दोन देशांचे शिक्के आहेत. उघडण्याआधी त्यांनी खोके कानाशी नेले. आतून कसलाही आवाज आला नाही.