बिली वायल्डर कुठून सुरू करायचा? (आणि बनवाबनवीवाल्यांना उत्तर)

नमस्कार मंडळी. मागच्या तीन व्हिडिओंखाली एकच प्रश्न: 'दादा, बिली वायल्डर बघायचाय, कुठून सुरू करू?' आणि त्याच्या खालोखाल: 'सम लाइक इट हॉट म्हणजे आपली बनवाबनवीच ना?' पहिल्याचं उत्तर झटकन देतो. दुसऱ्याला वेळ लागणार, कारण त्यावरून माझं डोकं फिरलंय.

वायल्डर म्हणजे हॉलीवूडचा लेखक-दिग्दर्शक. जन्म १९०६, ऑस्ट्रिया-हंगेरीत. व्हिएन्ना, बर्लिनमध्ये पत्रकारी. १९३३ मध्ये हिटलर आला, हा पॅरिसला निघाला, तिथून हॉलीवूड. १९४२ ते १९८१ तिथं पंचवीस चित्रपट. झालं, बाकी विकिपीडियावर आहे. क्रम लिहून घ्या: 'डबल इंडेम्निटी' १९४४, 'सनसेट बुलेव्हार्ड' १९५०, 'एस इन द होल' १९५१, 'सम लाइक इट हॉट' १९५९, 'द अपार्टमेंट' १९६०. 'एस इन द होल' तेव्हा आपटला होता. एका दुर्घटनेची बातमी विकणाऱ्या पत्रकाराची गोष्ट आहे. आजचं न्यूज चॅनल लावा आणि मग बघा.

आता बनवाबनवी. 'अशी ही बनवाबनवी' आली १९८८ मध्ये, आणि ती आहे हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून. वायल्डरचं हिंदीतलं लेकरू वेगळं, १९७५ चा 'रफू चक्कर'. पुरुषानं साडी नेसली की सगळं एकाच घरातलं, असं नसतं हो!

प्रश्न सोंगाचा नाहीच. सोंग उतरवता का येत नाही, हा आहे. सुधीर आणि परशाला पुण्यात खोली हवीय. साडी उतरवली तर घर जातं. 'सम लाइक इट हॉट'मधल्या जो आणि जेरी या वादकांनी १९२९ च्या शिकागोत गुंडांचं हत्याकांड डोळ्यांनी बघितलंय. फ्रॉक उतरवला तर जीव जातो.

थांबा, अजून पटलं नसेल. वायल्डरच्या आधी हीच गोष्ट जर्मनीत येऊन गेली होती. त्यात बेकार वादक काम मिळवायला नाना सोंगं काढतात, बाईचं त्यातलं एक. कंटाळा आला की सोंग सोडून देता येतं. वायल्डर आणि त्याचा सहलेखक आय. ए. एल. डायमंड यांनी गुंड आणले आणि परतीचं दार बंद केलं. तेवढ्यानं त्या गोष्टीचा सांगाडाच बदलला.

उलट्या बाजूनं बघा. गुंड काढून टाका. नायिका मेरिलिन मन्‍रो समोर दिसल्यावर जो तिथल्या तिथं विग काढून खरं सांगून मोकळा होईल. विसाव्या मिनिटाला चित्रपट खलास.

(आता कमेंटमध्ये धनंजय मानेंचा पत्ता विचारू नका. बनवाबनवी मला तोंडपाठ आहे, म्हणूनच एवढा जीव जळतोय.)

हेच कुलूप 'द अपार्टमेंट'मध्ये आहे. बॅक्स्टर बढतीसाठी आपल्या फ्लॅटची किल्ली साहेब लोकांना लफडी करायला देतो. मी हा घरी लॅपटॉपवर बघत होतो, आई मागे भाजी निवडत होती. इंग्रजी तिला फारसं कळत नाही. अर्ध्या तासानं म्हणाली, "अरे, हा किल्ली परत का मागत नाही?" आई, याच प्रश्नावर वायल्डरला एका रात्रीत तीन ऑस्कर मिळाले! निर्मिती, दिग्दर्शन, पटकथा.

पुढे नवी टोपी घातलेला बॅक्स्टर लिफ्टवाल्या फ्रॅनच्या छोट्या आरशात बघतो. आरसा तडकलेला. तसाच आरसा त्याला आपल्या फ्लॅटमध्ये सापडलेला असतो. साहेबांबरोबर तिथं येणारी बाई कोण, ते त्याला कळतं, आणि फ्रॅनला कळलेलं नसतं की याला कळलंय. संवाद जेमतेम दोन-तीन वाक्यांचा.

हा प्रसंग मोबाइलवर दीडपट वेगानं बघू नका. मागच्या वेळी एकानं तसा बघितला आणि मला विचारलं, 'दादा, तो मध्येच उदास का झाला?'