मीटरला न दिसणारी साखर

नमस्कार श्रोतेहो. गोष्ट मार्चमधली. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार सकाळी बागेतून थेट माझ्या दवाखान्यात आले. बोटाला सुई टोचली, रक्तातली साखर मोजणाऱ्या मीटरवर आकडा ३१२. त्यांचा चेहराच उतरला. मी बोटांकडे बघितलं, अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटत होती.

"काय खाल्लं?"

"खाल्लं काय नाय डॉक्टर. मणी दाबून बघत होतो, साखर भरली का."

नळावर साबणानं हात धुऊन यायला सांगितलं. पुन्हा थेंब घेतला, तर १४८! स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही बरं का, बोटावरची साखर पाण्यानंच जाते.

आता गंमत ऐका. द्राक्षात दोन साखरा असतात, जवळपास निम्म्या-निम्म्या. एक ग्लुकोज, दुसरी फ्रुक्टोज, म्हणजे फलशर्करा. मीटरनं पकडलं ते नुसतं ग्लुकोज. फलशर्करा त्याला दिसतच नाही.

दोघींत अणू तेच आणि तेवढेच, फक्त मांडणी निराळी. पण पोटात गेल्यावर वाटा वेगळ्या. ग्लुकोज रक्तातून अंगभर फिरतं, इन्सुलिन त्याला पेशींत घेतं. फलशर्करा मुख्यतः यकृतात जिरते, इन्सुलिनला फारशी हाक मारत नाही. थोडी असली तर ती कामाचीच. यकृतात ग्लुकोकायनेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, एरवी बरंचसं अडकून पडलेलं. फलशर्करा त्याला मोकळं करते आणि यकृत रक्तातलं ग्लुकोज जास्त ओढून घेतं.

हे ऐकून कुणी फ्रुक्टोजचा डबा आणायला निघू नका. रोज भरपूर पोटात गेली की यकृत तिची चरबी करतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात, यूरिक ॲसिडही वाढतं. मीटर मात्र गप्प! आपल्या कारखान्यातली साखरही पचल्यावर निम्मी फ्रुक्टोजच होते. गूळ खाणाऱ्यांनी फार खूश होऊ नये, तोही बहुतांशी तीच साखर.

मग द्राक्ष कसं चालतं? शंभर ग्रॅम द्राक्षांत साखर साधारण सोळा ग्रॅम, बाकी बहुतेक पाणी. शिवाय साल असते, चावावं लागतं, पोट भरल्यासारखं होतं. रस काढला की ही सगळी अडवणूक संपली, ग्लास दोन घोटांत रिकामा. मधुमेह असणाऱ्यांनी दहा-पंधरा मणी, तेही जेवणावर नाही, मधल्या वेळेला खावेत. फ्रीजमधली द्राक्षं जास्त गोड का लागतात, तर थंड झाल्यावर फलशर्करेची गोडी वाढते. साखर तेवढीच असते.

बेदाण्याचं गणित तो वाळवणाऱ्या शेडवाल्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. चार किलो माल वाळवावा तेव्हा किलोभर बेदाणा. पाणी उडतं, साखर जागेवर राहते. मूठभर बेदाणा म्हणजे चांगला दीडशे ग्रॅमचा घड, आणि मुठीवर कोण थांबतंय!

ते बागायतदार निघताना टेबलावर किलोभर हिरव्या बेदाण्याची पिशवी ठेवून गेले. "घरचा हाय." संध्याकाळपर्यंत दवाखान्यातल्या सगळ्यांनी मिळून ती संपवली. माझ्या वाट्याला किती आला, ते मी मोजलं नाही.