घरात दोन तारखा हव्यात

मंडळी, इथे बसलेल्या बहुतेकांना अमेरिकेचं व्हिसा बुलेटिन, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत कुठल्या तारखेपर्यंत नंबर लागला ते सांगणारं दर महिन्याचं पत्रक, तोंडपाठ असतं, म्हणून प्रायॉरिटी डेट, म्हणजे त्या रांगेतली आपली तारीख, यावर जास्त सांगत बसत नाही. वर्षाला सुमारे १,४०,००० नोकरीवरची ग्रीन कार्डं, त्यातच नवरा, बायको, मुलं सगळी मोजायची, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के. ही रचना १९९०च्या कायद्याची. माझं म्हणणं एवढंच, की नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील तर ग्रीन कार्डाची फाइलही दोघांची हवी.

माझ्या ओळखीचं एक जोडपं आहे. तो साताऱ्याचा, ती नाशिकची, दोघंही एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर. २०१४मध्ये तिच्या कंपनीने आपणहून विचारलं, तुझं पर्म सुरू करूया का? पर्म म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने आधी कामगार खात्याकडून घ्यायची मंजुरी. तिने नवऱ्याला विचारलं, मग फोनवर सासरी, मग माहेरी. सगळीकडून एकच उत्तर: “अगं, त्याचं चाललंय ना? एका घरात दोन-दोन कशाला?” तिने ‘नको’ कळवलं. पुढे त्याचं पर्म मंजूर झालं, पण आय-१४०, म्हणजे त्यानंतरचा कंपनीचा अर्ज, भरायच्या आधीच कंपनीने त्याला काढलं. तारीख गेली. नव्या कंपनीत सगळं पहिल्यापासून, आणि नवी तारीख २०१७ची. त्यांच्या डायनिंग टेबलावर मी ते कागद पाहिलेत. त्याची फाइल जाडजूड, रंगीत टॅब लावलेली. तिचं सगळं एका पाकिटात मावत होतं. पगार मात्र तिचा जास्त होता! तिच्या नावावर २०१४ची तारीख असती, तर तो डिपेंडंट म्हणून, म्हणजे तिच्या फाइलवरचा जोडीदार म्हणून, त्याच तारखेवर आला असता.

आणि म्हणे खर्च वाचवला. अहो, पर्मचा खर्च कंपनीनेच करायचा, हा २००७पासूनचा नियम आहे. मग वाचलं काय? “तिचं चाललंय ना, मग तुझं कशाला?” असं कुठल्या मुलाला कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. याचा मला मनापासून राग येतो.

आता जरा आडवळण. मस्कत, दुबई, कुवेतला जन्मलेलं कुणी आहे का इथे? हात वर करा. बघा, निघालेच! ग्रीन कार्डासाठी आपली रांग कुठल्या देशाची, हे पासपोर्टवरून नाही, जन्मस्थळावरून ठरतं. आई-वडील सांगलीचे, पासपोर्ट भारतीय, पण वडील नोकरीला मस्कतला असताना जन्म तिथला, तर रांग ओमानची. आणि जोडीदारालाही तीच रांग धरता येते. पत्रिका जुळवताना गुण मोजतो आपण. जन्मस्थळ त्याच कागदावर लिहिलेलं असतं, तेही वाचत जा. एका मैत्रिणीच्या नवऱ्याला हे लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं, तोवर तो भारताच्याच लांबलचक रांगेत उभा होता.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा उरलेलं भराभर सांगते.

नवऱ्याची तारीख बायकोच्या आय-१४०ला जोडता येत नाही, ज्याची त्याची असते. पण आय-४८५च्या, म्हणजे शेवटच्या ग्रीन कार्ड अर्जाच्या, वेळी ज्याची तारीख आधी लागेल, त्याच्यावर दुसऱ्याला डिपेंडंट होता येतं. स्वतःची फाइल असली तरीही. नोकरी बदलली तरी मंजूर आय-१४०ची तारीख, त्यात लबाडी किंवा मोठी चूक नसेल तर, आपलीच राहते. मुलांनाही आई-बाबांपैकी कुणाचीही तारीख चालते, आणि भारतात जन्मलेलं मूल २१च्या जवळ येतं तेव्हा हे फार मोलाचं ठरतं, कारण २१नंतर ते सहसा डिपेंडंट धरलं जात नाही.

लेऑफ झाला तर पुढची सोय करायला बहुधा ६० दिवसांपर्यंत मिळतात. दुसऱ्याचा एच-१बी शाबूत असेल तर तेवढ्यात एच-४वर, म्हणजे जोडीदाराच्या आधाराच्या व्हिसावर, जाता येतं. तेव्हा एच-४वर ईएडी, म्हणजे नोकरीचा परवाना, मिळतो म्हणून बायकोने आपला एच-१बी सोडताना दहादा विचार करावा.

आणि घटस्फोट. अपशकुन वाटतो, तरी बोला. ग्रीन कार्ड हाती येण्याआधी लग्न मोडलं तर डिपेंडंटचा अर्ज पडतो, मग ती कितीही वर्षं या रांगेत असो. स्वतःचं आय-१४० असेल तर ते तिचंच राहतं.

लग्नानंतर मधलं नाव बदलतं, त्यामुळे पदवीवर एक आणि पासपोर्टवर दुसरं नाव, हा आपल्याकडचा घोळ राहिलाच. ज्यांचा तो आहे त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा, कागद असतील तर घेऊनच या.