रोमन प्रजासत्ताक : सत्तेला घातलेले लगाम

परंपरेनुसार इ.स.पू. 509 मध्ये रोमन लोकांनी तार्क्विनियस सुपर्बस या आपल्या शेवटच्या राजाला हाकलून दिले आणि सारी सत्ता पुन्हा एका हाती एकवटू नये म्हणून दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे राज्याचे सर्वोच्च अधिकारी, निवडण्याची पद्धत सुरू केली. दोघांचे अधिकार समान होते, मुदत एकाच वर्षाची होती आणि एकाचा हुकूम दुसऱ्याला रोखता येत असे. कॉन्सलपुढे बारा सेवक काठ्यांच्या मोळ्या खांद्यावर घेऊन चालत. रणभूमीवर त्या मोळीत कुऱ्हाड खोवलेली असे, पण शहरात ती काढून ठेवली जाई. कारण तेथे देहदंडाविरुद्ध जनसभेकडे दाद मागण्याचा नागरिकाला हक्क होता.

सेनेट कायदे करत नसे, फक्त सल्ला देत असे. परंतु तेथे बहुतेक माजी अधिकारी तहहयात बसत आणि खजिन्यावर त्यांची पकड असे, त्यामुळे वर्षभरात पायउतार होणारा कॉन्सल तो सल्ला सहसा मोडत नसे.

कॉन्सलची निवडणूक कॅम्पस मार्शियस या मैदानात होई. मतदार 193 गटांत विभागलेले असत आणि प्रत्येक गटाचे एकच मत धरले जाई. मूळ रचनेत घोडेस्वारांचे 18 आणि सर्वांत धनिक वर्गाचे 80 असे 98 गट आधी मत देत. ते एकमताने वागले की बहुमत होई, आणि मतदान तेथेच थांबे. मालमत्ता नसलेल्या असंख्य नागरिकांच्या वाट्याला मात्र एकच गट होता. ही उघड विषमता होती, आणि सामान्यांना खरा आधार मिळाला तो दुसऱ्याच पदाने.

कर्जाने गांजलेले प्लेबियन, म्हणजे सामान्य वर्गातले लोक इ.स.पू. 494 मध्ये शहर सोडून बाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले. ते परतले तेव्हा त्यांना स्वतःचे ट्रिब्यून, म्हणजे सामान्यांचे रक्षण करणारे अधिकारी, मिळाले होते. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणे हा महापातकासमान गुन्हा होता, आणि तो स्वतः आडवा आला की कॉन्सलचेही काम थांबे. मदत मागणाऱ्यासाठी त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे ठेवावे लागे. या साऱ्या व्यवस्थेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच पद.

इ.स.पू. 139 पासून निवडणुकीत गुप्त मतदान आले. त्याची साक्ष देणारे एक चांदीचे नाणे उपलब्ध आहे : अरुंद पुलावर उभा असलेला नागरिक खालच्या सेवकाकडून मतपाटी घेतो आहे, आणि पलीकडे दुसरा आपली पाटी पात्रात टाकतो आहे. त्या अरुंद वाटेवर मतदाराला गाठून कोणी दबाव आणू नये, म्हणून पुढे गायस मारियसने कायदाही केला.

इ.स.पू. 133 मध्ये ट्रिब्यून टायबेरियस ग्रॅकस याने जमीनवाटपाचा कायदा अडवणाऱ्या ऑक्टेवियस या सहकाऱ्यालाच जनमताने पदावरून काढले, आणि त्याच वर्षी सेनेटरांच्या जमावाने टायबेरियसला ठार मारून त्याचे प्रेत टायबर नदीत फेकले. पुढच्या शतकभरात सैन्याच्या बळावर सुल्ला आणि सीझर हुकूमशहा झाले. इ.स.पू. 23 मध्ये पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने ट्रिब्यूनचे पद न घेता त्याचे अधिकार तेवढे तहहयात स्वतःकडे घेतले. कॉन्सल मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे नेमले जात राहिले.