सलाईनच्या आधी एक थेंब

(दृश्य: तपासणीचं टेबल, त्यावर म्हातारी मांजर)

ही सारखी पाणी पिते. अन्नावरची वासना उडालीय, पाठीचे मणके हाताला लागतात. पायातून थोडं रक्त काढलं, ते तपासायला गेलं. आता सगळे क्रिएटिनिनच्या आकड्याची वाट बघतील. पण नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नये.

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये आणि किडनी ते गाळून लघवीवाटे टाकते. गाळणं मंदावलं की ते रक्तात साचतं. अडचण अशी, की साधारण ७५ टक्के गाळणशक्ती जाईपर्यंत आकडा बहुतेकदा मर्यादेतच दिसतो. त्यात ही हाडाची काडं झालेली. अंगावर स्नायूच नाहीत, तर क्रिएटिनिन येणार कुठून? उलट ग्रेहाउंडसारख्या पिळदार कुत्र्यात ते मुळातच जास्त असतं. एसडीएमए ही रक्ततपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते आणि बिघाड बऱ्याचदा आधी दाखवते. सोय असेल तिथे ती जरूर करावी.

रक्तातला दुसरा टाकाऊ पदार्थ म्हणजे युरिया, त्याचा भरवसा क्रिएटिनिनहूनही कमी. भरपूर मांस खाल्लं किंवा आतड्यात रक्तस्राव झाला, तरी तो वाढतो. गाई-म्हशींमध्ये तो लाळेतून परत पोटात जातो आणि तिथले जीवाणू तो वापरून टाकतात, म्हणून तिथेही आकडा फसवा.

म्हणून लघवी हवी.

(दृश्य: रिफ्रॅक्टोमीटरची, म्हणजे लघवीचा घट्टपणा मोजायच्या उपकरणाची काच, जवळून)

काचेवर एक थेंब. झाकण टेकवायचं, उजेडाकडे धरून बघायचं. निळा भाग संपून पांढरा सुरू होतो, तिथे लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ती किती घट्ट आहे, ते वाचता येतं. अंगातलं पाणी कमी झालं की निरोगी किडनी ते राखते आणि लघवी घट्ट होते: मांजरात १.०३५ च्या वर, कुत्र्यात १.०३०च्या वर. आकडा १.००८ ते १.०१२ मध्ये अडकला, तर किडनी लघवी घट्टही करत नाहीये आणि पातळही.

वाढलेलं क्रिएटिनिन आणि १.०५० ची लघवी: बहुधा शरीर सुकलंय. तेच क्रिएटिनिन आणि १.०१० ची लघवी: संशय थेट किडनीवर. बोक्याची लघवी तुंबली असेल, तर मात्र आधी वाट मोकळी करायची, बाकीचं नंतर.

लघवीतलं प्रथिनही मोजावं. जंतुसंसर्ग नसताना प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मांजरात ०.४ च्या, कुत्र्यात ०.५ च्या वर पुन्हा पुन्हा येत असेल, तर किडनीची गाळणीच गळतेय.

हे सगळं सलाईन लावायच्या आधी. सलाईन गेलं की लघवी आपोआप पातळ होते. मग तो पातळपणा किडनीचा की सलाईनचा, हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. जनावर कोसळत असेल तर सलाईन अडवू नये, हे खरंच. पण मूत्राशय हाताला लागत असेल, तर पोटातून सुई घालून लघवी काढायला मिनिटभर पुरतं.

(दृश्य: मांजरीच्या पोटाशी सुई, सिरिंजमध्ये फिकट पिवळी लघवी)

रेष १.०११ वर आहे. नोंद झाली. आता सलाईन सोडा.