हिरव्याचा कडबा होऊ नये म्हणून

(दृश्य: नाशिक, कॉलेज रोड, सकाळ. कॅफेचं काउंटर, काचेची बरणी.)

ही बरणी बघा. कॅफेचं नाव सांगत नाही कारण दादा चांगला माणूस आहे, त्यानं आम्हाला तीन दिवस किचनमध्ये फिरू दिलं आणि चहाचे पैसेपण घेतले नाहीत. बरणी काचेची, वर लाकडी झाकण, डोक्यावर स्पॉटलाइट, शेजारी कॉफी मशीन, आणि त्या मशीनची वाफेची नळी सुरू झाली की सगळी वाफ बरणीच्या गळ्याशी. आत माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची पावडर. दिसतो भारी, फोटोसाठी लोक थांबतात. पण माचाला जे जे चालत नाही ते सगळं या एका फ्रेममध्ये आलंय, आम्हाला वेगळं काही मांडायलाच लागलं नाही. उजेड, ऊब, दमटपणा, अर्ध्या रिकाम्या बरणीतली हवा. राहिला कॉफीचा वास, तो कॅमेऱ्यात येत नाही.

(दृश्य: पांढरी बशी, दोन चिमट्या पावडर.)

डावीकडची चिमूट आज सकाळी फोडलेल्या डब्यातली, उजवीकडची बरणीतली, पाच आठवड्यांची. माल एकच, एकाच खेपेत आलेला. कलर करेक्शन केलेलं नाही, शपथ. डावीकडं पोपटी, आणि उजवीकडं जे आहे त्याला खाकी म्हणायचं की शेवाळी यावर आमच्यात वाद झाला. वासात मात्र वाद नव्हता. ताज्याला मटारच्या शेंगा सोलताना येतो तसा वास, आणि शिळ्याला कडब्याचा, गोठ्यात पेंढी सोडल्यावर येतो तो.

असं का होतं? त्यासाठी कॉलेज रोड सोडून पंचवटीत जाऊ.

(दृश्य: आत्याचं घर, जातं. खुंट्याचा आवाज तसाच ठेवायचा.)

ही माझी आत्या. जातं तिच्या सासूबाईंचं. आता घरात कोण दळतंय, पण कॅमेरा बघितल्यावर आत्यानं स्वतःहून पाळीला हात घातला आणि मूठभर हरभरा डाळ टाकली. हा शॉट जरा लांब ठेवलाय, कारण माचाची गोष्ट खरंतर इथंच आहे. माचापण जात्यावरच दळतात. जपानमध्ये, ग्रॅनाइटच्या जात्यावर, हळूहळू. किती हळू? एका जात्यातून तासाभरात तीस-चाळीस ग्रॅम, म्हणजे बाजारात मिळणारा एक छोटा डबा भरायला जवळजवळ तास. घाई केली की दगड तापतो, दगड तापला की पावडर तापते, आणि मग रंग-वास तिथंच जातो. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय नवीन, जोरात दळलं की पीठ गरम लागतंच हाताला."

आणि जात्यावर येण्याआधी त्या पानाचं काय काय होतं ते ऐका. तोडणीच्या आधी साधारण तीन आठवडे झाडावर सावली धरतात, पूर्वी गवताची-बोरूची छपरं घालायचे, आता काळं नेट. आपल्याकडं द्राक्षाला उन्हाळ्यात नेट टाकतात तसंच दिसतं, पण हेतू वेगळा. सावलीत पान जास्त हरितद्रव्य धरतं, पातळ आणि कोवळं राहतं, आणि ज्या थिॲनिनमुळं चव गोडसर लागते ते पानात टिकून राहतं, उन्हात त्याचं कॅटेचिन होऊन चव तुरट व्हायला लागते. मग तोडलं की लगेच वाफवायचं म्हणजे पान काळं पडत नाही, मग वाळवायचं, पण साध्या चहासारखं वळायचं नाही. मग देठ-शिरा बाजूला. आपण सुपात पाखडतो ना, तसं हवेनं हलकं-जड वेगळं करतात. उरतात पानाचे नुसते पापुद्रे, त्याला तेंचा म्हणतात. तो दळला की माचा.

(दृश्य: आत्याच्या बोटावरचं पीठ, क्लोजअप.)

हे डाळीचं पीठ बोटाला खरखरीत लागतंय. माचा यापेक्षा कितीतरी बारीक, कण साधारण १० मायक्रॉनच्या आसपास, बोटावर घेतला तर काजळासारखा रेघांमध्ये बसतो. आणि खरी भानगड तिथंच. अख्ख्या पानाला हवा लागते ती वरवर, पण त्याच पानाचे लाखो कण केले की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा, उजेड, ओल. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियम असतं, ते निघून गेलं की हिरव्याचा खाकी होतो. भाजी जास्त शिजली की रंग जातो, तेच हे. उष्णतेनं पटकन होतं, एवढाच काय तो फरक.

जपानी लोकांना हे रसायनशास्त्र माहीत नव्हतं तेव्हाही साठवण माहीत होती. एइसाई नावाचा बौद्ध भिक्षू ११९१ मध्ये चीनमधून परतला, त्याच्यामुळं हा घुसळून प्यायचा चहा तिकडं रुजला असं मानतात. पुढं क्योतोजवळच्या उजी गावाचं यात नाव झालं. तिथं वसंतात तोडलेलं पान मातीच्या मोठ्या बरण्यांत भरायचे, तोंड कागदानं बंद करायचे आणि उन्हाळाभर गार जागी ठेवून द्यायचे. शोगुनसाठीच्या, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशासाठीच्या, बरण्या उजीहून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, मिरवणुकीनं जायच्या आणि रस्त्यातले लोक बाजूला व्हायचे. पालखी निघाल्यासारखं. बरणीचं तोंड उघडायचं थेट नोव्हेंबरमध्ये, त्याचा अजूनही समारंभ करतात. पण बरणीत असायचं ते पान. पावडर नाही. लागेल तेवढंच पान काढायचं आणि तेव्हाच दळायचं.

आपल्याकडं येतो तो दळूनच. म्हणजे डबा फुटला की मीटर सुरू.

(दृश्य: पिंपळगाव बसवंत, द्राक्षाचं पॅकहाऊस. पेट्या, पंखे, धुकं.)

आता म्हणाल माचाच्या व्हिडिओत द्राक्षं कुठून आली. आम्ही गेलो सीझनमध्ये, आणि नाशिकमध्ये नाजूक माल कसा सांभाळायचा हे ज्यांना कळतं ती माणसं इथं आहेत, मग कॅफेवाल्यांना काय विचारत बसायचं? इथले काका सांगतात, बागेतून माल आला की आधी प्रीकूलिंग, मण्याचं तापमान चार डिग्रीच्या आसपास आलं की वर ग्रेप गार्डचा, म्हणजे बुरशी रोखणारा, कागद ठेवायचा, प्लॅस्टिक दुमडायचं, पेटी बंद आणि मग कोल्ड स्टोअरेज, शून्य ते एक डिग्री. हा क्रम बघा. आधी गार, मग बंद. गरम माल कोंडला तर आत पाणी सुटतं आणि त्या पाण्यानं पेटीची वाट लागते.

माचाचं गणित अगदी उलटं. तो फ्रिजमधून बाहेर येतो तेव्हा गार असतो आणि खोली गरम.

(दृश्य: फ्रिजमधून काढलेला पत्र्याचा डबा, वरचे थेंब. हा शॉट पूर्ण चाळीस सेकंद.)

डब्याला घाम फुटलाय बघा. आता याच क्षणी झाकण उघडलं तर हाच घाम आत, पावडरवर. गुठळ्या होतात त्या यामुळं, आणि लोक म्हणतात माल खराब निघाला. म्हणून डबा बंदच ठेवायचा, खोलीच्या तापमानाला आला की मगच हात लावायचा. सील न फोडलेला डबा फ्रीजरमध्ये असेल तर रात्रीच बाहेर काढून ठेवा आणि सकाळी फोडा. मी स्वतः पहिल्या डब्याला हे केलं नव्हतं. दोन पाचशेच्या नोटा गेल्या, आणि आई अजून काढते विषय. द्राक्षाच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये मुद्दाम ओलावा ठेवतात, नाहीतर देठ सुकतो. माचाला गारवा हवा पण कोरडा, एवढं लक्षात असू द्या.

(दृश्य: आत्याचा फ्रिज.)

मेथीची जुडी, सोललेला लसूण, कालचं पिठलं, आणि दाराच्या खणात हिंगाची डबी. माचा वास धरतो. चहाची पानं मोगऱ्यात ठेवून वासाचा चहा करतात ना, इथं न मागता लसणाचा होईल. आणि दारातला खण तर नकोच, दार उघडलं की पहिली गरम हवा तिथंच. मागच्या बाजूला, खालच्या खणात, घट्ट डबा आणि त्याच्यावर अजून एक पिशवी.

आत्यानं इथं एक गोष्ट सांगितली ती आम्ही स्क्रिप्टमध्ये लिहिलेली नव्हती. म्हणाली, "वर्षाचं तिखट करतो तेव्हा मोठी बरणी रोज उघडतो का रे आपण? मिसळणाच्या डब्यात आठवड्याचं काढतो, बरणी माळ्यावर." झालं की मग! आठ दिवसांचा माचा छोट्या डब्यात, फडताळात, गॅसपासून लांब. बाकीचा सीलबंद आत. रोज ये-जा करणारा डबा एकच, आणि तो संपत आलेला.

(दृश्य: भांडी बाजार.)

डबा घ्यायला भांडी बाजारात. शेठनी आधी पितळेचा दाखवला, नाशकात येऊन पितळ नको म्हणता का, म्हणाले. सुंदर होता, पण झाकण नुसतं टेकतं, बसत नाही. मग स्टीलचा, फिरकीचं झाकण, आत रबरी रिंग. शेठनी न सांगताच पाणी भरून उलटा धरला. एक थेंब नाही. लहानच घ्या, म्हणजे भरल्यावर वर रिकामी जागा उरत नाही. पाऊचमधलाच वापरणार असाल तर हवा दाबून काढा आणि झिप नखानं दाबत न्या. चमचा कोरडा, आणि उकळत्या भांड्यावर डबा उघडायचा नाही, हे आपण मिठाच्या बाबतीत पाळतो.

पावसाळ्याचं फुटेज आमच्याकडं नाही. पण ज्या शहरात जुलैमध्ये चिवडा तासाभरात सादळतो त्या शहराला वेगळं काय सांगायचं.

किती दिवस टिकतो? फोडल्यावर महिना-दीड महिना चांगला. एका वाटीला दोन ग्रॅम धरा, तीस ग्रॅमचा डबा म्हणजे पंधरा वाट्या, रोज पिणाऱ्याचा पंधरवड्यात संपतो आणि साठवणीचा प्रश्नच उरत नाही. मोठं पाकीट स्वस्त पडतं असं जे म्हणतात ना, ते पाकीट तळाशी पोचतं तेव्हा बघायला या. शिळा माचा प्यायल्यानं सहसा काही होत नाही, चव जाते, पैसे जातात, केकमध्ये खपतो. ओल लागून बुरशी धरली तर फेकून द्या.

(दृश्य: पुन्हा कॅफे. गाळणी, वाटी, बांबूची रवी.)

आधी गाळणीतून गाळायचा, पाणी उकळतं नाही तर सत्तर-ऐंशी डिग्रीचं, आणि मग रवी. दादा हे काम छान करतो.

आमचं शूट झाल्यावर त्यानं बरणी हलवली का? नाही हलवली. गिऱ्हाईक बरणी बघूनच ऑर्डर देतं म्हणाला, आणि ते आम्हालाही नाकारता आलं नाही, पहिला शॉट आम्हीच त्या बरणीचा घेतलाय. पण आता आत जो आहे तो जुनाच, खाकी, कायमचा तिथंच ठेवलेला, शोसाठी. ऑर्डर आली की दादा खाली वाकतो, काउंटरखालचा छोटा फ्रिज, त्यातला मोठा डबा नाही, फ्रिजबाहेर, बाजूच्या कप्प्यातला छोटा स्टीलचा, झाकणावर मार्करनं उघडल्याची तारीख.

(रवीचा आवाज. निवेदन बंद.)