नोकरी लागल्यानंतरचं पळणं

हे मांडवा. बीड जिल्हा, आष्टी तालुका. पाऊस पडला तर पडला, नाहीतर टँकर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला या जिल्ह्यातले लाखो लोक कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. धावपटू अविनाश साबळेचा जन्म इथलाच, १९९४ चा. आईवडील वीटभट्टीवर मजुरी करायचे, शाळा सहा किलोमीटर लांब, गाडीघोडं काही नाही, मग जाता-येता चालायचं नाहीतर पळायचं.

आता इथे मागे व्हायोलिन वाजायला पाहिजे, नियमच आहे तसा. आपण नाही वाजवणार. कारण खरं सांगायचं तर या पट्ट्यात सहा-सहा किलोमीटर पायी शाळेत गेलेली पोरं ढिगानं सापडतील, आणि ती सगळी काही ऑलिंपिकच्या फायनलला पोचली नाहीत. गरिबीनं माणूस घडतो वगैरे जे म्हणतात ना, ते बहुतेक वेळा ज्यांनी वीटभट्टी लांबून पाहिलीय तेच म्हणतात.

खरी गोष्ट सुरू होते ती बारावीनंतर, सैन्यात भरती झाल्यावर.

पहाटे मराठवाड्यातल्या कुठल्याही रस्त्याला जा, अंधारात पोरं पळताना दिसतील. सोळाशे मीटर. भरतीचं ग्राउंड. त्यांचं सगळं पळणं त्या एका दिवसासाठी असतं, आणि एकदा निवड झाली की संपलं, पोरगं मार्गी लागलं, पगार आला, कॅन्टीन आलं, स्थळं यायला लागली. यात चूक काहीच नाही हां, कोरडवाहू घरात एक पक्का पगार म्हणजे काय ते त्या घरालाच माहीत. अविनाशही तसाच लागला, ५ महार रेजिमेंट. सियाचीनमध्ये पोस्टिंग झालं, राजस्थानच्या वाळवंटात झालं, सिक्कीममध्ये झालं. इथं थांबला असता तरी गावानं त्याला शहाणाच म्हटलं असतं.

२०१५ मध्ये तो सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत पळायला लागला. मध्येच दुखापत, वजन वाढलं, आणि मग ते वजन त्यानं उतरवलं, तीन महिन्यात साधारण २० किलो. सैन्यातलेच कोच अमरीश कुमार, त्यांनी याला पळताना बघितलं आणि सांगितलं, तू स्टीपलचेस कर.

स्टीपलचेस आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही म्हणून सांगतो. ३००० मीटर, म्हणजे साडेसात फेऱ्यांच्या आसपास. वाटेत तीन फूट उंचीचे, जाड लाकडी अडथळे, ते २८ वेळा ओलांडायचे. आणि हे साध्या हर्डल्ससारखे पाय लागला की पडत नाहीत, ते जागचे हलत नाहीत, पडणार तो तुम्हीच. वर सात वेळा पाण्याची उडी: अडथळ्याच्या पुढे १२ फुटांचा उतरता खड्डा, अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत गेलेला, त्यामुळे जो अडथळ्यावर पाय देऊन लांब झेपावतो त्याचा एकच पाय काठाला पाण्यात पडतो, आणि जो दमलाय तो जवळ पडतो, बूट पाण्यानं भरतात आणि तसंच पुढे पळायचं. शेवटच्या दोन फेऱ्यात पाय जड झालेले असतात तेव्हा अडथळ्याआधी पाऊल कुठे पडणार याचा अंदाज चुकतो, आणि सगळी शर्यत तिथेच जाते. नुसतं पळता येणारा माणूस इथे चालत नाही, उडी घ्यायची ती वेग न मोडता. ते वेगळं शिकावं लागतं.

भारतात या शर्यतीचा विक्रम होता गोपाल सैनी यांचा, ८ मिनिटं ३०.८८ सेकंद. साल १९८१. अविनाशचा जन्मही झाला नव्हता तेव्हापासूनचा. २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशनं तो मोडला, ८:२९.८०. सदतीस वर्षांनी, जेमतेम एका सेकंदानं.

आणि आता त्याच्यापुढे देशात कुणीच उरलं नाही. मला वाटतं ही नोकरी लागण्याची दुसरी खेप. नॅशनलला गेलं, पळालं, मेडल घेतलं, आरामात दहा वर्षं निघाली असती. त्यानं केलं असं की स्वतःचाच आकडा समोर ठेवला. ८:२८. मग ८:२५. मग ८:२१. विक्रम एकूण दहा वेळा मोडला, त्यात पहिली वेळ सोडली तर नऊ वेळा समोर तोच होता.

त्यातलं ८:२५ कसं आलं ते बघा. २०१९, दोहा, वर्ल्ड चॅम्पियनशिपची हीट, म्हणजे फायनलआधीची पात्रता फेरी. पुढे पळणारा इथिओपियाचा खेळाडू अडखळून पडतो आणि अविनाश त्याच्यात अडकतो, एकदा नाही, दोनदा. अशा शर्यतीत लय गेली की गेली. तरी पठ्ठ्या सावरून राष्ट्रीय विक्रम करतो, पण पात्र काही ठरत नाही. मग भारतानं अपील केलं, व्हिडिओ बघितले गेले आणि त्याला फायनलमध्ये घेतलं. फायनलला तेरावा. पण वेळ ८:२१.३७, आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता होती ८:२२. १९५२ नंतर पहिल्यांदा भारताचा पुरुष धावपटू ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये.

मधल्या काळात एका परदेशी कोचच्या हाताखाली गेला होता, ती पद्धत झेपली नाही, तर सरळ परत अमरीश कुमारांकडे आला. पुढे मात्र अमेरिकेत कोलोरॅडोला उंचीवर सरावाला गेला, स्कॉट सिमन्स यांच्याकडे. म्हणजे आपलं तेच खरं असंही नाही आणि बाहेरचं तेच भारी असंही नाही. आपल्याकडे लोक क्लास निवडताना सुद्धा शेजाऱ्याचा पोरगा कुठे जातो ते बघतात, हा आपलं घड्याळ बघून ठरवत होता.

टोकियोला परत विक्रम, ८:१८.१२, आणि तरी फायनल नाही. हे जरा पचायला जड आहे, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पळून हीटमधूनच घरी यायचं.

मग बर्मिंगहॅम, ऑगस्ट २०२२, कॉमनवेल्थ. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही मेडल्स दर वेळी केनियाच नेत होतं, दुसऱ्या कुणाला पायरीवर चढूच दिलं नव्हतं. शेवटच्या वळणावर अविनाश आणि केनियाचा अब्राहम किबिवोट, दोघंच. ८:११.१५ आणि ८:११.२०. पाच शतांश सेकंद. त्या वेगात पाच शतांश म्हणजे फूटभर अंतर, तीन किलोमीटर पळून झाल्यावर फूटभर. सिल्व्हर आलं.

यानंतर सगळं चढतंच गेलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. २०२३ ला बुडापेस्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये हीटमध्येच बाहेर. दोनच महिन्यात हांगझाऊ एशियन गेम्स, तिथे पहिल्यापासून पुढे जाऊन एकटाच पळाला, ८:१९.५०, गोल्ड, आणि गेम्सचा विक्रम. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये भारताचं एशियन गेम्समधलं हे पहिलं गोल्ड. वर ५००० मीटरचं सिल्व्हर.

आणि ७ जुलै २०२४, पॅरिस डायमंड लीग, जगातल्या आघाडीच्या खेळाडूंची स्पर्धा. ८:०९.९१. गोपाल सैनींची १९८१ ची शर्यत आणि ही शर्यत एकाच ट्रॅकवर एकदम सुरू केली असती तर अविनाश रेषा ओलांडताना ते सव्वाशे मीटरच्या आसपास मागे असते, आणि सैनी काही साधे धावपटू नव्हते. आता नंबर ऐका त्या दिवशीचा. सहावा! आपल्या पेपरात दुसऱ्या दिवशी हेडिंग विक्रमाचं होतं की सहाव्या नंबरचं हे महत्त्वाचं नाही, दोन्ही खरंच आहे. पुढच्या महिन्यात त्याच शहरात ऑलिंपिकची फायनल, भारतातर्फे या शर्यतीच्या फायनलला पोचलेला पहिला पुरुष, आणि तिथे अकरावा.

त्याला मेडल नाही म्हणून कमेंट टाकणारे होतेच. त्यांना एकदा अडथळ्याशेजारी उभं करायला पाहिजे, नुसतं शेजारी, उडी मारू नका म्हणावं.

२०२५ मध्ये दक्षिण कोरियात गुमीला एशियन चॅम्पियनशिपचं गोल्ड, आणि जुलैमध्ये मोनॅकोला पाण्याच्या उडीवर पडला. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, सप्टेंबरची टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिप हातची गेली. अशा ऑपरेशननंतर आधी गुडघा नीट वाकवायला शिकायचं, मग चालायचं, मग जॉगिंग, आणि अडथळा सगळ्यात शेवटी. सैन्यातली नोकरी तर आहेच.